बटाटा आपला, सॅक्सोफोन परका!

आमच्या चिंचवडातल्या वसाहतीच्या गणेशोत्सव समितीची बैठक भरली होती. दहा दिवसांच्या कार्यक्रमांची यादी वाचून झाली. पाककला स्पर्धा झाली, होम मिनिस्टर झाले, लहान मुलांचे फॅन्सी ड्रेस झाले. नवव्या दिवसाची जागा रिकामी होती. मी भीत भीत एक अर्ज पुढे सरकवला. पुण्यात मी एक ताफा ऐकला होता. सॅक्सोफोन वाजविणारा एक गृहस्थ, त्याच्याबरोबर पियानो, बास आणि ड्रम, आणि या सगळ्यांच्या मधोमध उभी राहून गाणारी एक बाई. बाईच्या गळ्यात असा काही ओलावा होता की समोरच्या रांगेतल्या आजीबाईंनी हातातली बटव्याची दोरी घट्ट धरून ठेवली होती. हा ताफा एक संध्याकाळ आपल्या मंडपात यावा, एवढीच माझी विनंती होती.

खजिनदारांनी चष्मा कपाळावर चढवला. "सॅक्सोफोन म्हणजे ते हॉटेलात वाजवतात तेच ना?" मी म्हटले, "तेच." अध्यक्ष मोठे सौम्य गृहस्थ. ते म्हणाले, "मास्तर, तुमची कल्पना चांगली आहे हो, पण हे काही आपल्या संस्कृतीत बसत नाही." आणि नेमक्या त्याच क्षणी आतून गरम बटाटेवड्यांचे ताट आले. पावासकट! अध्यक्षांनी पहिला वडा उचलला. नववा दिवस डीजेला गेला, आणि तोही ताफ्याच्या तिप्पट पैशांत.

त्या ताटाने मला हा लेख लिहावयास लावले आहे.

वाचकहो, आमच्या शेजारी चाकण आहे. मोटारींचे कारखाने आले त्याच्या कितीतरी आधीपासून चाकण प्रसिद्ध आहे ते कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी. तो बटाटा कुठला? पोर्तुगिजांनी जहाजातून आणलेला. नुसता पदार्थच नव्हे, 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. पाव त्यांचा. चावी त्यांची, बादली त्यांची. आणि ज्या शब्दाची पिंपरीपासून चाकणपर्यंतचे प्रत्येक घर महिनाभर वाट पाहाते, तो 'पगार' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज! पगार घेताना संस्कृती कुणाच्या आड आलेली मला अजून दिसलेली नाही. एकादशीला बटाट्याचा कीस खाताना तर ती मुळीच आड येत नाही. परक्या मुलखातून आलेले कंद उपवासाला चालतात, आणि त्याच मुलखाकडून आलेले वाद्य मंडपाला चालत नाही. हा कुठल्या शास्त्रातला विधिनिषेध आहे, ते मला कुणीतरी समजावून सांगावे.

कुणी म्हणेल, खाण्याची गोष्ट वेगळी, गाण्याची वेगळी. ठीक. मग गाण्याचेच बोलू. आपल्या भजनात, कीर्तनात, नाट्यसंगीतात जी पेटी वाजते ती कुठली? हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये निघाले ते 1842 साली. सॅक्सोफोन हे ॲडॉल्फ साक्स नावाच्या बेल्जियन कारागिराचे अपत्य, आणि त्याचे पेटंट निघाले तेही पॅरिसमध्येच, 1846 साली. म्हणजे ही दोन वाद्ये एकाच गावची, आणि वयातले अंतर अवघे चार वर्षांचे. त्यातल्या थोरलीला आपण घरची लेक मानून देवघरापर्यंत नेले, आणि धाकट्याला अजून फाटकाबाहेर उभे केले आहे.

पेटीलाही हा मान फुकट मिळालेला नाही. आकाशवाणीने 1940 साली तिला दाराबाहेर काढले होते. कारण? ती परकी, तिला मींड निघत नाही, तिच्या श्रुती पक्क्या नाहीत. ही बंदी सैल व्हावयास तीस वर्षे लागली. पण लोकांनी आकाशवाणीची वाट पाहिली काय? गोविंदराव टेंब्यांनी पेटी वाजविली आणि 1911 साली 'मानापमाना'ला चाली दिल्या. त्या चाली महाराष्ट्र तेव्हापासून गुणगुणतो आहे. शुद्धतेचे पहारेकरी दारावर उभे असतात आणि गाणे मागच्या दाराने घरात येऊन चुलीजवळ बसलेले असते. नेहमी असेच होत आले आहे.

शिवाय सॅक्सोफोन दिसतो पितळेचा, पण त्याचा जीव असतो तोंडाशी लावलेल्या बोरूच्या पातळ पत्तीत. फुंकणाऱ्याचा श्वास त्या पत्तीला थरथरवतो, आणि त्यातून स्वर निघतो. सनईचे तरी दुसरे काय असते? तिला पत्ती दुहेरी, याला एकेरी, एवढाच फरक. मंगळूरचे कद्री गोपालनाथ हे नागस्वरम् वाजविणाऱ्या बापाचे चिरंजीव. त्यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला, आणि मग उभा जन्म त्यावर कर्नाटक संगीत वाजविले. देवळांतून वाजविले, कच्छेरीतून वाजविले. सरकारने त्यांना 2004 साली पद्मश्री दिली. 2019 साली ते गेले. दाक्षिणात्य माणूस देवाधर्माच्या बाबतीत आपल्याहून सैल आहे, असे म्हणण्याची छाती आमच्या समितीत तरी कुणाला नाही.

पण मला याहून पुढचे म्हणावयाचे आहे. हे संगीत आपल्याकडे येऊ नये म्हणून आपण भांडतो आहोत. अहो, ते येऊन पाऊणशे वर्षांवर काळ लोटला! आपण त्यावर नाचतो, आपल्या पोरांची बारशी त्यावर करतो. फक्त ते कुणी वाजविले हे आपण विचारलेले नाही.

गोव्यातल्या चर्चला लागून पूर्वी पॅरिशच्या शाळा असत. तिथला 'मेस्त्री' पोरांना अक्षरांबरोबर सोल्फेज शिकवी, व्हायोलिन हातात देई. कागदावरचे स्वर वाचता येणे ही तिथे बाराखडी येण्याइतकीच साधी गोष्ट होती. ही पोरे मोठी झाली आणि पोटासाठी मुंबईला आली. 1935-36 च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा अमेरिकन निग्रो वादकांचा ताफा उतरला, आणि गोव्याच्या पोरांनी जॅझ जवळून ऐकले. आल्दोना गावचा आंतोनियो झेवियर वाझ हा ट्रम्पेट वाजविता वाजविता 'चिक चॉकलेट' झाला. याच चिकला हाताशी धरले कुणी? नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी. 1951 साली 'अलबेला' आला. त्यात चिकचा ताफा पडद्यावरही दिसतो. आणि त्या तालावर नाचतो कोण? गिरणी कामगाराच्या पोटी जन्मलेला भगवान पालव, आपला भगवानदादा!

आता जरा विचार करा. विसर्जनाच्या मिरवणुकीत आपले लोक दोन्ही हात वर करून, खांदे हलवीत जो नाच करतात, त्यात भगवानदादाची छाया कुणाला दिसत नाही? तो नाच ज्या वाद्यमेळावर उभा राहिला, त्यात गोव्याच्या ट्रम्पेटचा आणि सॅक्सोफोनचा श्वास होता. म्हणजे आमच्या अध्यक्षांना जे संस्कृतीत बसत नाही असे वाटते, त्यावरच ते दर अनंत चतुर्दशीला नाचतात. आणि झकास नाचतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

ही एकट्या चिकची कथा नव्हे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांना वाद्यमेळाचा साज चढविणारे सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचे. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक. प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1958 साली त्यांनी शंभरावर वादक जमवून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वृंदवादन केले, आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांना गावयास उभे केले. पण सामान्य माणसाला त्यांचे नाव ठाऊक झाले ते 1977 च्या एका सिनेमातल्या गमतीच्या गाण्यामुळे. शिष्याने गुरूला वाहिलेली ती फुले होती, हे कितीजणांना माहीत आहे? 1968 साली शंकर-जयकिशन यांनी राग आणि जॅझ यांचा मेळ घालणारी एक तबकडी काढली. त्यात सतारीवर रईस खान होते आणि सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. गाणारीचे नाव तबकडीवर, संगीतकाराचे नाव पडद्यावर, नटाचे नाव भिंतीवर. आणि ज्याच्या छातीतला वारा त्या गाण्यात भरला, त्याला दिवसाची मजुरी. या हिशेबाची लाज आपल्याला कधी वाटावयाची?

माझ्या अर्जातला मुद्दा मात्र नुसत्या सॅक्सोफोनचा नव्हता. सॅक्सोफोनवाल्याचा ताफा आणि दर्दभरा गळा, हे दोन एकत्र आले म्हणजे जे घडते त्याचा होता. आपल्या मैफलीत साथीचे वाद्य गवयाच्या मागून चालते. सारंगी असो की पेटी, गायकाच्या पावलावर पाऊल ठेवणे हा तिचा धर्म. जॅझमध्ये तसे नाही. गायिका एक ओळ म्हणते आणि थांबते. त्या थांबलेल्या जागेत सॅक्सोफोन बोलतो. ती विचारते, तो उत्तर देतो. कधी तिची समजूत घालतो, कधी तिच्याशी भांडतो, कधी नुसताच हुंकार भरतो. ज्याने कलगी-तुऱ्याचा फड ऐकला आहे, सवाल-जबाब ऐकले आहेत, त्याला हे नवे वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेत बिली हॉलिडे गात असे आणि लेस्टर यंग सॅक्सोफोनवर तिला असे उत्तर देई, की दोघांनी एकमेकांना ठेवलेली लाडकी नावे पुढे जगाच्या तोंडी बसली. जॉन कोल्ट्रेन हा सॅक्सोफोनचा महामेरू. त्यानेही 1963 साली जॉनी हार्टमन या गायकाबरोबर एक तबकडी केली. भल्याभल्यांना धाप लागावी असे वाजविणारा हा माणूस त्या गाण्यांत किती हळू बोलतो, ते ऐकावे. दुसऱ्याच्या गळ्याचा मान कसा राखावा, याचा तो धडा आहे.

इतके दूर तरी कशाला जावयाचे? मुंबईच्या चर्चगेटच्या रस्त्यावर ख्रिस पेरी हा मडगावचा कलावंत ताफा घेऊन वाजवीत असे. ट्रम्पेट त्याचा, सॅक्सोफोन त्याचा, चाली त्याच्या आणि कोंकणी शब्दही त्याचेच. त्याला लोर्ना नावाची एक कोवळी पोरगी सापडली. तिच्या आवाजाला खरखर होती, धार होती आणि खाली कुठेतरी रडे दडलेले होते. त्याने तिला घडविले. 'बेब्दो' आणि 'पिसो' ही त्यांची गाणी गोव्याच्या घराघरांत गेली. बेब्दो म्हणजे बेवडा आणि पिसो म्हणजे पिसाट. मराठी माणसाला त्यांचा अर्थ विचारावयास शब्दकोश लागत नाही! जॅझ आपल्या मातीत रुजत नाही म्हणणाऱ्यांनी ही गाणी ऐकावीत. कोंकणी ही मराठीची शेजारीण, तिच्या अंगणात हे झाड फोफावले. मग आपल्याच अंगणात दगड का?

या कथेला एक कडू शेवट आहे, तोही सांगितला पाहिजे. जोडी तुटली आणि लोर्ना गप्प झाली. वीस वर्षांहून अधिक काळ तिने गाणे जवळजवळ सोडले होते. 1995 साली ती गोव्यात पुन्हा लोकांपुढे उभी राहिली, तेव्हा तिला ऐकावयास समुद्रासारखी गर्दी लोटली होती. 2002 साली ख्रिस पेरी गेला. त्या दोघांच्या आयुष्यावरून स्फुरलेला, त्याच्याच गाण्यांवर उभा केलेला 'नाचोंया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट पुढे राष्ट्रीय पारितोषिक घेऊन गेला. एक गळा एका ताफ्याला मिळतो तेव्हा केवढे सुख निर्माण होते, आणि कलावंताच्या हक्कांची, मोकळीकीची कुणी काळजी घेतली नाही की केवढे मौन पदरी येते, हे दोन्ही या एका जोडीने दाखविले आहे. गोव्याचेच ब्राझ गोन्साल्विस सॅक्सोफोन वाजवीत, आणि चिक चॉकलेटची कन्या इव्हॉन ही गायिका त्यांची पत्नी. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर हेच ब्राझ लुई बँक्सच्या ताफ्यातून पॅम क्रेनच्या गाण्याला साथ देत. बंगलोरच्या रामामणी या कर्नाटक गायिकेबरोबर चार्ली मारियानो या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याने 1983 साली तबकडी केली. म्हणजे कोंकणी झाले, कर्नाटकी झाले, कलकत्त्याची मडमसुद्धा झाली. एक आपण तेवढे वडा खात बसलो आहोत.

आता आक्षेप. पहिला आक्षेप खजिनदारांचा : हे हॉटेलातले, दारूच्या टेबलाजवळचे संगीत. कबूल, ते तिथे वाढले. पण लावणी कुठे वाढली? ठुमरी कुठे वाढली? नाटकात काम करणाऱ्यांना भल्या घरांत बिऱ्हाड मिळत नसे, त्याला फार दिवस झाले नाहीत. गाण्याचा जन्म कुठे झाला यावरून त्याची जात ठरवू लागलो, तर आपल्या ताटात फारच थोडे उरेल. आणि ते हॉटेलात राहिले यात गाण्याचा दोष किती, आणि त्याला दुसरी जागा न देणाऱ्यांचा किती?

दुसरा आक्षेप मोठा फसवा आहे : 'आपल्या लोकांना ते समजत नाही.' हे वाक्य ज्यांना स्वतःला समजून घ्यावयाचे नसते, ते नेहमी लोकांच्या नावावर खपवितात. मी शाळामास्तर आहे. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचा आजा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवी, बाप सॅक्सोफोन वाजवी. लाल कोट, सोनेरी पट्ट्या, डोक्यावर तुरा. वरातीच्या पुढे चालणारी ही माणसे. पण जेवणाच्या पंगतीला सर्वांत शेवटी. त्यांच्या फुंकीवाचून नवरदेव मांडवात येत नसे, आणि 'बँडवाल्याचा पोरगा' ही मात्र वर्गात शिवी होती. एका वर्षी स्नेहसंमेलनात आमच्या एक बाई अभंग म्हणणार होत्या, आणि ऐन वेळी पेटीवाले आले नाहीत. मी त्या पोराला म्हटले, "आण तुझ्या बापाचं वाद्य." तो लाजत उभा राहिला. बाईंनी चरण म्हटला. त्याला साथ करावयाची म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, म्हणून तो गप्प राहिला. आणि बाई श्वास घ्यावयास थांबल्या, त्या जागेत त्याने दोन-चार स्वर सोडले. बाईंनी वळून पाहिले आणि पुढचा चरण जरा लांबवूनच घेतला. समोर पहिल्या पाळीहून सरळ आलेले, अंगावर कारखान्याचा गणवेश असलेले पालक बसले होते. देहू-आळंदीच्या पंचक्रोशीतली ती माणसे. अभंग त्यांच्या रक्तातला. हे वाद्य बेल्जियमचे की बारामतीचे, असे त्यांतल्या एकानेही विचारले नाही. अभंग संपला तेव्हा एक म्हातारा एवढेच म्हणाला, "पोरगं रडवतंय की!" समजणे म्हणजे याहून वेगळे काय असते?

आज तो मुलगा चाकणला एका कारखान्यात कंत्राटी हेल्पर आहे. बँड मोडला, कारण वरातीला आता डीजेच्या भिंती लागतात. वाद्य त्याने जपले आहे. पण खोलीवर रियाज केला की शेजारी तक्रार करतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी तो इंद्रायणीच्या काठी जाऊन वाजवितो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. खिडक्यांची तावदाने थरथरविणारी भिंत आपण आपल्याच वर्गणीतून मंडपापुढे उभी करतो, आणि एका पोराच्या श्वासाचा आवाज मात्र आपल्या झोपेच्या आड येतो! संस्कृतीचे रक्षण म्हणतात ते हेच असेल, तर ते कुणापासून चालले आहे?

मला ढोल-लेझीम नको आहे, असा अर्थ कुणी काढू नये. दहा दिवसांतली एक संध्याकाळ मी मागतो आहे. या पट्ट्यात जर्मन यंत्रे चालतात, कोरियन साहेब येतात, जपानी शिस्तीचे फलक मराठीत लिहून भिंतींवर टांगले जातात. तिथे कुणी म्हणत नाही की हे संस्कृतीत बसत नाही. कंपन्यांच्या वार्षिक जेवणावळीत सॅक्सोफोनवाला बोलावतातही; अशा एका जेवणात मी गेलो होतो. तो कोपऱ्यात वाजवीत होता, एक पोरगी जीव तोडून गात होती, आणि साहेब लोक त्यांच्याकडे पाठ करून पनीर टोचीत होते. भिंतीला रंग द्यावा तसे संगीत लावले होते. एक संस्कृतीच्या नावाने दार लावतो, दुसरा दार उघडतो पण मान वर करून पाहात नाही. मला यांतला दुसरा अपमान अधिक बोचतो.

मागणे फार नाही. पिंपरीला आचार्य अत्र्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे, चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे. वर्षातून एक संध्याकाळ तिथे असा ताफा आणि असा गळा यावा. तिकीट कामगाराला परवडेल असे असावे, आणि वेळ दुसऱ्या पाळीच्या माणसालाही जमेल अशी, म्हणजे रविवारची सकाळ. पत्रिकेवर गाणारीच्या नावाखाली वाजविणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे. बिदागी आधी ठरवावी आणि त्याच दिवशी द्यावी. आणि शाळांतून पेटीशेजारी एखादे तरी फुंकवाद्य ठेवावे. संगणकाच्या खोलीला लागतो त्याच्या शतांशाने खर्च येईल.

अध्यक्ष हा अंक वाचतील, याची मला खात्री आहे. दरवर्षी ते माझ्याकडूनच नेतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. फराळाला ते येतील तेव्हा घरात बटाट्याचा चिवडा असणार आहे. तो त्यांनी पोटभर खावा. पुढल्या वर्षी बैठक भरेल तेव्हा मी तोच अर्ज पुन्हा घेऊन जाणार आहे, आणि या वेळी एकटा जाणार नाही. चाकणच्या त्या पोराला त्या दिवशी पहिली पाळी मागून घ्यावयास सांगितले आहे. बैठकीत भाषण तो करणार नाही. तो नुसते वाजविणार आहे, आणि शाळेतल्या त्या बाई अभंग म्हणणार आहेत. तो संपेपर्यंत वडे मात्र कुणी आणू नयेत.